86 मुलं, 22 मुली आणि एक ग्रंथालय

"या वर्षी आपण सगळे मिळून इतकी पुस्तकं वाचणार." असं सामूहिक उद्दिष्ट आता बऱ्याच शाळा ठरवतात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. 2022 मध्ये 1 जानेवारीपासून देशभर शंभर दिवसांचं वाचन अभियान झालं, बालवाटिकेपासून आठवीपर्यंत, चौदा आठवड्यांचं. यावर संशोधन करायचं म्हणून तुमच्यापैकी कोणी प्रस्ताव लिहीत असाल, तर पहिला मोह आकडे मोजण्याचा होईल. थोडं थांबा आणि माझ्याबरोबर कामठीला चला.

नागपूरजवळ, कन्हान नदीकाठी, इंग्रजांनी 1821 च्या सुमारास वसवलेली ही छावणी. पुढे तिचं गाव झालं. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही भाषा बोलणारं. इथेच 1904 मध्ये बाबू हरदास एल. एन. जन्मले. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय त्यांना दिलं जातं, त्यामुळे नाव तुम्ही ऐकलं असेलच. पण आपल्या विषयासाठी त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. 1927 च्या सुमारास त्यांनी कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. त्यांच्या चरित्रात एक आकडा येतो: एका वेळी 86 मुलं आणि 22 मुली तिथे शिकत होत्या. आणि त्याच काळात त्यांनी संत चोखामेळा ग्रंथालय उघडलं.

बहुतेक लेखांत ही माहिती दोन ओळींत उरकते. 'त्यांनी शैक्षणिक कार्यही केलं' असं म्हणून लेखक पुढे निघून जातो. मला वाटतं, खरा प्रश्न इथेच सुरू होतो: शाळा काढल्यावर लगेच ग्रंथालय कशासाठी?

काळ आठवा. मार्च 1927 मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं. हरदास स्वतःही साप्ताहिक चालवलेले. अंक निघतो, पण तो विकत घ्यायला हातात पैसा नाही आणि अक्षरओळख झालेला माणूस घरात एखादाच. रात्रशाळेत शिकलेलं अक्षर वापरलं नाही तर वर्षभरात पुसून जातं, हे प्रौढ शिक्षणात काम करणारा कोणीही सांगेल. म्हणजे शाळा वाचक तयार करते आणि ग्रंथालय त्याला वाचक म्हणून टिकवतं. हा माझा अर्थ आहे, पुरावा नव्हे. संशोधनात हे दोन वेगळे ठेवायची सवय आत्तापासूनच लावा.

नावाकडेही बघा. चोखोबा म्हणजे ज्यांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता ते संत. त्यांच्या नावाचं दार सगळ्यांना उघडं, एवढं त्या पाटीवरूनच कळत असणार.

आता 'सामूहिक' या शब्दाकडे येऊ. वाचायला पैसा लागतो, उजेड लागतो, आणि सगळ्यात महाग म्हणजे वेळ लागतो. हरदासांनी विडी कामगारांमध्येही काम केलं होतं. विडी वळणाऱ्याची मजुरी नगावर असते. वाचलेला तास म्हणजे बुडालेल्या विड्या. केरळात कन्नूरच्या विडी कारखान्यांत यावर तोड निघाली होती. एक जण वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बाकीचे विड्या वळत ऐकायचे, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या आपल्यातून काढून द्यायचे. क्युबातल्या सिगार कारखान्यांत तर 1865 पासून कामगार वर्गणी काढून वाचणाऱ्याला पैसे देत. वेल्सच्या खाणकामगारांची ग्रंथालयंही त्यांच्या पगारातून कापलेल्या पैशांवर उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी उद्दिष्ट वाटून घेतलं गेलं, पण त्याच्याही आधी वाचनाचा खर्च वाटून घेतला गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडचं. 1862 मध्ये तिथे शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेला बांधलं गेलं. परिणाम? वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घ्यायचं आणि तपासनीस आला की घडाघडा म्हणून दाखवायचं. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. त्यानं आपल्या अहवालांत यावर टीका केली. आकडा पूर्ण व्हायचा, वाचन मात्र व्हायचंच असं नाही.

म्हणून आजच्या शाळेत गेलात तर 'किती पुस्तकं वाचली' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी ग्रंथालयाची देवघेवीची नोंदवही मागा. तारखा बघा: पुस्तकं वर्षभर जातात की फक्त अभियानाच्या आठवड्यात? एकच पुस्तक किती हातांतून गेलं? कपाटाची किल्ली कोणाकडे असते? पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करतं? (हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जरा गप्प होतात, त्या गप्प राहण्याचीही नोंद करा.) कामठीसारख्या गावात आणखी एक: मूल घरी बोलतं त्या भाषेतलं पुस्तक कपाटात आहे का? घरी वाचून दाखवणारं कोणी नसेल, तर शाळेनं वेळापत्रकात त्यासाठी तास ठेवलाय का? ठेवला नसेल, तर उद्दिष्ट शाळेचं आणि खर्च एकट्या मुलाचा.

वाचकांचा इतिहास लिहिणाऱ्यांना असल्याच कागदांनी हात दिला आहे. जोनाथन रोझ यांनी ब्रिटिश कामगारांच्या वाचनाचा इतिहास कामगारांची आत्मचरित्रं आणि ग्रंथालयांच्या नोंदी तपासून लिहिला. आपल्याकडे दलित आत्मकथनं आहेत. त्यात पहिलं पुस्तक कुठून मिळालं, कोणी दिलं, कोणत्या उजेडात वाचलं, हे शोधत ती पुन्हा एकदा वाचून काढा. कामठीत जुन्या माणसांशी बोला.

आणि बोलायला बसाल तेव्हा 86 पेक्षा त्या 22 पासून सुरुवात करा. 1927 मध्ये मुलगी रात्री शाळेत जायची तर तिच्यासोबत कोण चालायचं, संध्याकाळचा स्वयंपाक कोण उरकायचं, आणि घरात एकच कंदील असेल तर तो त्या वेळी कोणाकडे असायचा.