साहेब, इंग्रजी समजत नाही

माझ्या आजोबांना इंग्रजी चांगलं येत होतं. ठाकूरद्वारला त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. फोर्टातल्या गोऱ्या कंपन्यांची लेजरं तिथे बांधायला यायची आणि आजोबा तिथल्या साहेबांशी इंग्रजीतच भाव ठरवायचे. असा हा माणूस आयुष्यात एकदा हायकोर्टात न्यायाधीशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला इंग्रजी समजत नाही. आजी हा किस्सा सांगताना इथे थांबायची, आम्हा नातवंडांकडे पाहायची आणि मग म्हणायची, "आणि हे सांगितलं कशात? तर इंग्रजीत!"

त्यांना ज्यूरीचं समन्स आलं होतं. गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची, दिवाळीच्या तोंडावरची. चोपडीपूजनासाठी लागणाऱ्या वह्यांचं काम तेव्हा दुकानात छातीपर्यंत रचलेलं असे. दोन कारागीर, एक खळ लावणारा पोऱ्या आणि स्वतः आजोबा, एवढाच कारखाना. असं असताना कोर्टाचा शिपाई आला आणि अमुक तारखेला ज्यूरर म्हणून हजर राहा, असा कागद देऊन गेला. आजोबांनी तो गणपतीच्या तसबिरीमागे खोचला. जणू कागद दिसेनासा झाला की तारीखही टळणार होती.

पण ती टळणारी नव्हती. हायकोर्टाचं समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणं हा न्यायालयाचा अवमान धरला जाई. न्यायाधीश दंड करत, आणि दंड भरला नाही तर दिवाणी तुरुंग होता. म्हणून मग शेजारपाजारच्या जाणत्या मंडळींनी आजोबांसाठी सुटकेच्या वाटा शोधायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर मी एका वकील मैत्रिणीकडून १८९८ची जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता मागून आणली, तेव्हा मला कळलं की या मंडळींनी सुचवलेली एकेक वाट खरोखरच कायद्यात होती. ज्यूरीचं काम एकवीस ते साठ वयाच्या पुरुषांना लागू असे. डॉक्टर, वकील, पोलीस, टपाल आणि तारखात्यातली माणसं यांना माफी होती. प्रत्यक्ष धर्मकृत्य चालवणाऱ्या पुरोहितांनाही होती. हे कळल्यावर आजोबा दोन दिवस गंभीरपणे विचार करत होते म्हणे, की चाळीतल्या सत्यनारायणाची पूजा आपण सांगतो, ती धरता येईल का!

मला मात्र सर्वांत आवडलं ते कलम २७८. निवडलेल्या ज्यूररवर कोणत्या कारणांनी हरकत घेता येते, त्याची यादी त्यात आहे. पक्षपात, वय, पूर्वीची शिक्षा ही कारणं अपेक्षितच होती. पण त्यातच एक कारण असं, की त्या माणसाने सवयीने किंवा धार्मिक व्रताने ऐहिक गोष्टींची चिंता सोडून दिलेली आहे. इंग्रज सरकारने ज्यूरीतून सुटण्यासाठी चक्क संन्यासाची सोय ठेवली होती. आणि त्याच यादीत खाली आजोबांची वाट होती: ज्या भाषेत साक्षीपुरावा दिला जातो, किंवा ज्या भाषेत त्याचा अनुवाद करून सांगितला जातो, ती भाषा न समजणं.

हायकोर्टात ही भाषा इंग्रजी. त्यामुळे हा उपाय सोपा आणि वर बिनखर्चाचा. न्यायाधीशांनी आजोबांचं ते अस्खलित इंग्रजी वाक्य ऐकून घेतलं आणि त्यांना नऊ जणांत बसायला सांगितलं.

आज हे हसण्यावारी जातं. पण ज्या खुर्चीतून आजोबा निसटू पाहत होते, ती मिळावी म्हणून शंभर वर्षांपूर्वी याच देशातल्या लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या होत्या. मुंबईत सुप्रीम कोर्ट आलं १८२४ साली, आणि त्यात ज्यूरी होती. १८२६च्या कायद्याने हिंदी माणसांना लहान ज्यूरीत बसण्याची मुभा दिली, पण दोन अटी घालून. मोठ्या ज्यूरीत, म्हणजे ग्रँड ज्यूरीत, ख्रिस्ती नसलेल्याला जागा नाही, आणि आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याचा न्यायही ख्रिस्ती ज्यूरीच करणार. उलट हिंदू-मुसलमान आरोपीचा न्याय ख्रिस्त्यांनी करायला मात्र हरकत नव्हती. राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला, मुंबईतूनही मागणी झाली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ज्या वर्षी निघालं, त्याच १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटने या दोन्ही अटी काढल्या. जस्टिस ऑफ द पीस हे पदही हिंदी माणसांना खुलं झालं आणि त्यावरच्या पहिल्या काही नावांत जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आलं.

पंच म्हणून बसण्याचा कंटाळा मात्र इंग्रजांनी आणलेला नव्हता. पेशवाईतही तंटा पंचायतीकडे जाई. पंचांचा निवाडा मान्य करू, असं वादी-प्रतिवादी लिहून देत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पंचायतीचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले, आणि त्यात दिरंगाईचा दोष आहे. ज्यांना घरची शेती, घरचा व्यापार आहे, ती माणसं दुसऱ्याच्या वाटणीच्या भांडणात उत्साहाने किती दिवस बसणार? राजी होण्याच्या कागदाचं नाव आज आपण पद सोडण्याच्या कागदाला देतो, यातही मला थोडा अर्थ दिसतो.

आता कलम २७८ दुसऱ्या बाजूने वाचू. इंग्रजी येत नाही ही ज्यूरीतून सुटका होती. मराठी येत नाही ही मात्र अपात्रता नव्हती, कारण मराठी पुरावा भाषांतर करून इंग्रजीत सांगितला जाई. यातून काय घडू शकतं, ते टिळकांच्या खटल्यांत घडलं. १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियन होते, तीन हिंदी. खटला 'केसरी'तल्या मराठी मजकुरावर. सहांनी दोषी म्हटलं, तिघांनी निर्दोष. हायकोर्टात न्यायाधीश सहमत असतील तर सहांचं बहुमत पुरत असे. म्हणजे निकाल अगदी काठावर उभा होता. त्या सहांतला एक जरी इकडे आला असता, तर त्या ज्यूरीच्या जोरावर टिळकांना दीड वर्षाची शिक्षा देता आली नसती.

१९०८ साली सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली. या ज्यूरीची यादी मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहून बनवलेली, आणि तिच्यात चारशेहून अधिक नावं असू शकत नव्हती. अशा यादीतून युरोपियनांचंच बहुमत येणार आणि त्यांना मराठी कळणार नाही, अशी हरकत टिळकांच्या बाजूने घेतली गेली. न्यायमूर्ती दावर यांनी ती मानली नाही. आले सात युरोपियन आणि दोन पारशी. निकालही सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले. ज्या खोलीत हे झालं, तिच्यापाशी टिळकांचे शब्द कोरलेली संगमरवरी पाटी आहे. तिचं अनावरण १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केलं. मी ती पाहायला गेले होते. पाटी टिळकांची आहे. माझं लक्ष मात्र त्या दालनात ज्यूरी कुठे बसत असेल, याच्याकडे होतं.

स्पेशल ज्यूरीची यादीच तशी होती, हे खरं. तिथे आजोबांसारख्यांना कोणी विचारत नव्हतं. पण साध्या ज्यूरीत मराठी माणसाचं नाव निघत होतं, आणि निघालं की तो पहिल्यांदा शोधायचा सुटकेचं कलम.

आजोबांचा खटला तीन दिवस चालला. अफरातफरीचा मामला होता आणि सगळी भिस्त एका जमाखर्चाच्या वहीवर. दुसऱ्या दिवशी ती वही ज्यूरीला पाहायला दिली. आठ जणांनी आकडे पाहिले. आजोबांनी वही उलटी धरून पुठ्ठ्याच्या आतली शिवण पाहिली. एका जुजाचा दोरा पांढरा होता, बाकी सगळ्यांचा जुना, पिवळा पडलेला. ज्यूररला न्यायाधीशांमार्फत साक्षीदाराला प्रश्न विचारता येत असे. आजोबांनी विचारलं, ही वही मध्ये कधी उसवून पुन्हा शिवली होती का? साक्षीदार मुनीम होता. त्याला उत्तर देता आलं नाही.

आरोपी सुटला. आजोबा घरी आले ते कुरकुरतच. दिवाळीच्या चोपड्या राहिल्या होत्या आणि दोन पेढ्या दुसऱ्या बाइंडरकडे गेल्या होत्या. आजी म्हणाली, "अहो, मला बोलावलं असतं तर मी गेले असते." तिला कोणी बोलावणार नव्हतं. कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, पुरुष.

नंतर १९५९ साली नानावटी खटला झाला. महिनाभर मुंबईला दुसरा विषय नव्हता. आठ विरुद्ध एक अशा मतांनी ज्यूरीने निर्दोष म्हटलं. सेशन्स न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. ज्यूरी या खटल्याने गेली असं म्हणतात, ते तितकं खरं नाही. ती बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ सालीच केली होती. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या संहितेत ज्यूरीचं प्रकरणच उरलं नाही. पारशी विवाहविषयक न्यायालयात तेवढे समाजातले प्रतिनिधी अजून न्यायाधीशासोबत बसतात. पूर्वी सात असत, १९८८ नंतर पाच. आजोबा नानावटीच्या बातम्या मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, या खटल्याचं समन्स आलं असतं तर दुकानाला कुलूप लावून गेलो असतो. त्यांची खरी अडचण वेळेची नव्हती, एवढं त्यावरून मला कळलं.

ज्यूरी गेली तरी पंच राहिले. झडतीच्या वेळी परिसरातले दोन निःपक्षपाती, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असं त्याच, १९७३च्या संहितेत होतं. लेखी बोलावणं येऊनही विनाकारण नकार देणं हा गुन्हा होता. पण बहुतेक वेळा लेखी काही नसतं. हवालदार दार वाजवतो आणि विचारतो.

माझं दारही असंच वाजलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, डोंबिवलीतली. आमच्याच मजल्यावर घरफोडी झाली होती. हवालदार म्हणाला, "बाई, पंचनाम्याला जरा येता का? तुम्ही शिक्षिका आहात, सही करायला बरं." मी आजोबांची नात. माझ्या तोंडून निघालं, "गॅसवर दूध ठेवलंय हो." तो खालच्या मजल्यावर गेला. तिथे कोणाला ताप होता, कोणाला लोकल गाठायची होती. शेवटी त्याने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आणि भाजीवाल्याला वर आणलं. त्या दोघांना नाही म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका सकाळी मी साड्यांचं गाठोडं घेऊन कोपऱ्यावर गेले, तर इस्त्रीची गाडी बंद. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, ती जुनी घरफोडी आता उभी राहिली आहे, साक्षीची तारीख आहे, या महिन्यातली दुसरी. दोन दिवसांचा धंदा बुडाला होता त्याचा. मी गाठोडं परत घरी आणलं. तो माझ्या जागी कल्याणच्या कोर्टात उभा होता.