खारचं मीठ आणि दांड्याचा बर्फ

तर झालं असं. माझा एक मित्र खारदांड्याचा, अस्सल कोळी. आम्ही दोघं एकाच टीममध्ये. गेल्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत वाद निघाला की मुंबईत सगळ्यात चांगलं जेलाटो कुठे मिळतं? इंजिनिअर माणसांचा वाद, त्यामुळे दहाव्या मिनिटाला एक्सेल शीट तयार. रकाने चार: चव, पोत, किंमत आणि कप हातात धरल्यावर वितळायला लागेपर्यंतचा वेळ. पुढचे पाच वीकांत या संशोधनात गेले. घरच्यांचं मत सांगत नाही.

दुसऱ्या रविवारी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत घेतला. एकाच मापाची छोटी डबी, एकदा जेलाटोने भरली, एकदा साध्या आईसक्रीमने. जेलाटोची डबी चांगलीच जड! कारण सोपं आहे. आईसक्रीम घुसळताना त्यात हवा जाते, कधीकधी तर निम्मी. आपल्याकडे नियमच आहे की एक लिटर आईसक्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे उरलेल्या जागेत काय आहे ते तुम्हीच ओळखा. जेलाटो सावकाश घुसळतात, हवा कमी, मलई कमी, दूध जास्त. शिवाय आईसक्रीम साधारण उणे अठराला ठेवतात, तर जेलाटो उणे बाराच्या आसपास वाढतात. जीभ तेवढी बधिर होत नाही, म्हणून चव जास्त कळते. आणि आपली कुल्फी? ती घुसळतच नाहीत, आटवलेलं दूध तसंच गोठवतात. हवा जवळजवळ शून्य. वजनाच्या रकान्यात कुल्फीने इटलीला आडवं केलं, हे अभिमानाने नमूद करतो.

तिसऱ्या रविवारी फोर्टात गेलो होतो. चर्चगेटला १९५३ सालच्या के. रुस्तमकडे दोन बिस्किटांमधलं आईसक्रीम खाल्लं (जेलाटो नव्हे, पण तुलनेला काहीतरी हवं ना) आणि चालत चालत लायन गेटपाशी आलो. तिथे मित्राने विचारलं, "फ्रीज नव्हते तेव्हा हे लोक काय करायचे रे?" मला थोडंफार माहीत होतं, घरी येऊन आणखी वाचलं. आणि एक्सेल शीट बाजूलाच राहिली.

फ्रीज नव्हते तेव्हा मुंबईचा बर्फ अमेरिकेतून यायचा! खरंच. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळायचा आणि जहाजात भरून जगभर विकायचा. १८३३ साली त्याने 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ मध्ये झाला. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनी जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय (अजून 'सर' व्हायचे होते) यांनी १८३४ मध्ये मेजवानीत पाहुण्यांना आईसक्रीम खाऊ घातलं. मग यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले आणि 'मुंबई समाचार'ने ती बातमी दिली, अशी गोष्ट सांगतात. आईसक्रीम खाल्लं की सर्दी होते, हे आपल्या आयांचं म्हणणं किमान इतकं जुनं आहे!

१८४०च्या दशकात वर्गणी काढून मुंबईत बर्फघर बांधलं गेलं. लायन गेटसमोर, जिथे आता कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या भागात. म्हणजे मित्राने प्रश्न विचारला तो अगदी योग्य जागी. मुंबई-कलकत्त्याची बर्फघरं गेली, मद्रासचं तेवढं उभं आहे. १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले होते, आता ते विवेकानंदांच्याच नावाने ओळखलं जातं. पुढे यंत्राने बर्फ करणारे कारखाने आले आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत ट्यूडरचा धंदा बसला.

पण नुसत्या बर्फाने आईसक्रीम होत नाही. बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेलं दूध शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. इथे मीठ येतं. बर्फात मीठ टाकलं की तो भराभर वितळतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची खेचून घेतो, आणि प्रमाण जमलं तर पार उणे २१ पर्यंत जातो. आपल्या लहानपणचं पॉट आठवा. मधे दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि हँडल फिरवून दुखलेला हात.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत मित्राला ऐकवलं. आता पुढची गंमत ऐका.

शेवटच्या रविवारी अंतिम फेरी मित्राच्या घरी, दांड्याला ठेवली. तीन दुकानांचे तीन डबे, नावं झाकलेली, आणि परीक्षक मित्राची आई. ती बाजारात मासळी विकते, जिभेची पक्की. पोचतो तर वीज गेलेली. डबे घामाघूम. मी घाबराघुबरा. तिने शांतपणे मासळीची थर्माकोलची पेटी ओढली, त्यात बर्फाचा चुरा होता. डबे खुपसले आणि म्हणाली, "मीठ आण."

मित्र म्हणाला, "आये, बर्फ विरघळेल ना!"

"इरघलू दे. म्हावऱ्याला नाय टाकायचं, याला टाकायचं."

मी गप्प. दोन आठवडे वाचून मला जे कळलं होतं, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दांड्यातल्या लग्नांना भाड्याने पॉट आणायचे, हँडल फिरवायला पोरांची रांग लागायची. आणि म्हावऱ्याला मीठ का नाही, तेही तिने सांगितलं. ताजं म्हणून विकायचं तर मासा थंड हवा, दगड नको आणि खारट तर नकोच.

मित्राचे बाबा कोपऱ्यात बसले होते. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "केवढ्याला?" मी किंमत सांगितली. ते हसले. "आमच्या टायमाला एवढ्यात बर्फाच्या लाद्या यायच्या." मग हळूहळू बोलायला लागले. आधी होडी जवळच जायची, त्याच दिवशी परत. जास्त मिळालं तर मीठ आणि ऊन, बोंबील बांबूंवर सुकायला. मग इंजिन आलं, बर्फ आला. बर्फ असला की चार दिवस दूर जाता येतं, पण जायच्या आधी खिशातून डिझेल आणि बर्फ भरायचा. मासळी मिळो न मिळो, बर्फ वितळणारच. जवळचा मासा कमी होत गेला, फेऱ्या लांबत गेल्या, लाद्या वाढत गेल्या. "डिझेलने आणि बर्फाने होडी खाल्ली माझी," ते म्हणाले. होडी विकली त्या वर्षी मित्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. चार वर्षं आम्ही शेजारी बसतो. मला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात घुसली. मी थंडाव्याचा इतिहास वाचला तो मेजवान्यांचा. कोणी पहिल्यांदा खाल्लं, कोणाला सर्दी झाली. त्याच बर्फाचा दुसरा इतिहास कोळीवाड्यांच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये आहे, तिथे बर्फ खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो. आणि या दोन गोष्टी फार लांब नाहीत. मुळकीच्या फळवाल्याचा मुलगा रघुनंदन कामत याने १९८४ मध्ये 'नॅचरल्स'चं पहिलं दुकान काढलं तेही जुहूच्या कोळीवाड्यातच. कामत २०२४ मध्ये गेले, पण सीताफळ आणि शहाळ्याचं आईसक्रीम निम्म्या मुंबईच्या जिभेवर ठेवून.

निकाल विचाराल तर आयेने तिन्ही चाखले, मधल्याला पहिला नंबर दिला, आणि "पण दूध आटवलंय कुठे?" असं म्हणून कुल्फीला त्याच्याही वर बसवलं. मित्राने शीटमध्ये पाचवा रकाना टाकला: 'आयेचं मत'. बाकीचे चार आम्ही काढून टाकले.

वीज साडेदहाला आली. तोपर्यंत डबे घट्ट होते.