मळी, गांजा आणि चोपण रान

गेल्या फाल्गुनात टोरांटोहून पुतण्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्याने जरा चाचरत विचारलं, "काका, तुम्ही शेतकी कॉलेजात माती शिकवायचात ना? मोलॅसिस म्हणजे आपली काकवीच का?" कशाला हवीय, असं मी विचारलं, तर तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग कळलं की त्याने गच्चीत गांजाची चार झाडं लावली आहेत. कॅनडात २०१८ च्या ऑक्टोबरपासून एका घराला चार झाडांची मुभा आहे आणि ओंटारिओ प्रांतात ती चालते. तिथल्या घरगुती बागाईतदारांची ठाम समजूत अशी, की झाड फुलोऱ्यावर आलं की पाण्यातून मळी द्यावी. तुरे भरतात, वासाला गोडसर होतात.

मी हसलो. "वहिनींना सांगू नकोस," एवढंच म्हणालो. पण रात्री झोप लागेना. आमच्या रानाला लागून ज्यांचं रान आहे, त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी उसाच्या सरीत गांजाची झाडं सापडली म्हणून पकडला गेला. जामीन मिळेपर्यंत ऊस वाळला. दोन्ही मुलं एकाच शाळेत शिकलेली. एक झाड, एक मळी आणि दोन मुलं, हे कुठून कुठे आलं याचा माग काढावा, म्हणून निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेली जुनी टिपणं पुन्हा काढली.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. गुऱ्हाळावर काहिलीत रस तापला, त्यात भेंडीचं पाणी पडलं की जी घाण वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात, ती मळी. कारखान्यात रस गाळून जो काळपट चोथ्यासारखा गाळ उरतो, ज्याला प्रेसमड म्हणतात, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतो आणि ट्रॉली भरून शेतात नेतो. आणि साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर उरणारा काळा, दाट, चिकट द्रव, ज्यापासून दारू आणि अल्कोहोल होतं, तीही मळीच. शेतकी खात्याच्या पत्रकांत या तिन्हींची गल्लत झालेली मी पाहिली आहे आणि एका परीक्षेत ती मी स्वतःही केली आहे. काकवी या तिन्हींपेक्षा वेगळी. तिच्यातली साखर कुणी काढून घेतलेली नसते; ती गुळाची अलीकडची पायरी. पुतण्याच्या बाटलीवर लिहिलं होतं 'ब्लॅकस्ट्रॅप', म्हणजे शेवटच्या उकळीनंतरची मळी. 

एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते, जी दाणा धरत नाही म्हणून मागे राहते. पालाश भरपूर, चुना आणि मॅग्नेशियम बऱ्यापैकी, नत्र नाममात्र. हे गणित डोक्यात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास कळतो.

मॉरिशस आणि हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या आरंभीच मळे असलेले लोक मळी शेतात ओतत होते, कारण ती फेकायची कुठे हा प्रश्न होता. आपल्याकडे हा प्रश्न १९३२ नंतर आला. त्या वर्षी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशातले तीसेक कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. साखर विकली गेली. मळीला गिऱ्हाईक नव्हतं. खड्ड्यांत, ओढ्यांत, नदीत ती सोडली जायची. अशा वेळी अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरतन धर यांनी एक गोष्ट लावून धरली: मळी हे खत आहे आणि उत्तरेकडची ऊसर जमीन तिने सुधारता येते. एकरी टनांच्या हिशेबाने ती घालायची. जमिनीतले जिवाणू साखर खातात, आम्लं तयार होतात, त्या आम्लांनी सोड्याचा कडवटपणा मारला जातो आणि अडकलेला चुना मोकळा होतो. एवढं बरोबर होतं. पण धरांचं पुढचं म्हणणं असं, की मळी घातलेल्या जमिनीत हवेतला नत्र स्थिर होतो आणि त्यात सूर्यप्रकाशाचा थेट वाटा असतो. हे म्हणणं त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही आणि मृदाशास्त्राने ते फारसं स्वीकारलंही नाही. मला मात्र हा हट्टी माणूस आवडतो. स्वतःच्या खर्चाने माती-संशोधनाची संस्था उभी करून तिला पत्नीचं नाव देणारे शास्त्रज्ञ किती असतील?

दख्खनच्या कालव्यांवर दुखणं वेगळं होतं. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला, ऊस आला, पाणी अमाप झालं आणि काळ्या रानांत क्षार वर आले. मुंबई सरकारने १९१६ साली सिंचनाचा एक खास विभाग काढला, ज्यातून पुढे खडकवासल्याची संशोधनशाळा झाली. तिथले इंग्लिस साहेब कालव्याखालच्या खारवट जमिनींवर बरीच वर्षं चर खणून प्रयोग करत होते. त्यांचा भर निचऱ्यावर होता आणि तोच योग्य होता.

आमच्या आजोबांनी चर खणला नाही, मळी आणली. साल ४० च्या आसपासचं असावं. कारखान्यातून बैलगाडीत पिंपं भरून आणली आणि पाऊण एकर चोपणात ओतली. वडील सांगायचे, आठ दिवस रानात पाय ठेवता येत नव्हता, इतकी माशी आणि आंबूस वास. त्या वर्षी टाकलेली बाजरी पिवळी पडली. गावाने हसून घेतलं. याचं कारण वडिलांना माहीत नव्हतं, मला पुढे कॉलेजात कळलं: साखरेवर तुटून पडलेल्या जिवाणूंनी जमिनीतला होता-नव्हता नत्र स्वतःच्या अंगात ओढून घेतला, पिकाला उरला नाही. हेच हवाईतल्या लोकांनीही अनुभवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याच तुकड्यात हरळी आली. चोपणात हरळी येणं म्हणजे काय, हे ज्याने चोपण पाहिलंय त्यालाच समजेल.

वडिलांनी पुन्हा मळी आणायचं मनात घेतलं तोवर राज्य बदललं होतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दारूपुरता नाही. मोहाची फुलं त्यात आहेत, मळी आहे आणि गांजा-भांगही आहे. मळीपासून हातभट्टी लागते हे कारण. त्यामुळे मळीचं पिंप बाळगायला परवाना लागू लागला. वडील दोन हेलपाटे घालून आले, एका अंमलदाराने विचारलं, "शेतात ओतायला? कोण विश्वास ठेवणार?" वडिलांनी नाद सोडला. पुढे १९६१ च्या केंद्रीय हुकमाने मळीचा भाव आणि वाटपही सरकारने हाती घेतलं; ते नियंत्रण १९९३ मध्ये उठलं.

म्हणजे मळी आणि गांजा आपल्याकडे भेटले ते कुंडीत नव्हे, कायद्याच्या पुस्तकात.

त्याआधी गांजा हे उघड पीक होतं. १८९३ साली नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा सात खंडी अहवाल हे या विषयातलं सर्वांत मोठं साधन. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांत तीन हिंदी, साक्षीदार ११९३. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होई. मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालमध्ये राजशाहीकडचं नौगाव ही मोठी ठाणी. नौगावच्या लागवडीवर हेमचंद्र केर यांचा १८७७ चा अहवाल वाचताना मला आपल्याकडचा तंबाखूवालाच आठवला. वाफ्यात रोप, मग सरीवर लावणी, शेणखत, पेंडीचा हात, आणि नोव्हेंबरात 'पोद्दार' नावाचा जाणकार येऊन एकेक नर झाड उपटून काढणार. बीज धरलं की मालाची किंमत गेली. या माणसाच्या नजरेवर सगळं पीक उभं असे. खत म्हणून शेण आणि पेंड. पेंड म्हणजे नत्र. मळीत जे नाही, नेमकं तेच.

कमिशनने निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदी गरजेचीही नाही, सोयीचीही नाही. परवाना आणि कर पुरे. सरकारचा महसुलावर डोळा होता हे खरंच, पण साक्षी प्रामाणिकपणे घेतल्या होत्या. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला; आता त्याखाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गंमत अशी, की त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा आहे, नुसती पानं आणि बी नाही. म्हणून शिवरात्रीची भांग सुटते. शेजाऱ्याच्या मुलाच्या वकिलाने हाच मुद्दा घेतला आहे: जप्तीत तुरे किती, पाला किती. खटला अजून चालू आहे.

आता पुतण्याचा प्रश्न. मुळं साखर शोषून फुलांत नेत नाहीत. झाड आपली साखर पानात, उन्हात करतं. मळीने वास गोड होतो ही समजूत निराधार. ती देते ते पालाश आणि मातीतल्या जिवाणूंना खाऊ. कुंडीतल्या जिवंत मातीत थोडा उपयोग होतो, जास्त झाली तर आजोबांची बाजरी. आपल्याकडे हेच तत्त्व अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात गुळाच्या रूपाने आहे: शेण, गोमूत्र, बेसन, मूठभर बांधाची माती आणि गूळ. अमेरिकेत कंपोस्टचा चहा करणाऱ्यांनी मळी उचलली ती याच हेतूने. पण तिथल्या तपासण्यांत दिसलं की मळी घातलेल्या काढ्यात शेणातून आलेले ई. कोलाय आणि साल्मोनेलाही जोमाने वाढतात. साखर चांगल्या-वाईटाची निवड करत नाही. पाल्यावर असला काढा फवारून तोच पाला फुप्फुसात ओढायचा, याला मी तरी शेती म्हणणार नाही.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे घालू की नको?"

"मातीत घाल, जरा कमीच घाल, आणि फवारू नकोस."

मग त्याने विचारलं, "आपल्या शेजारच्या केसचं काय झालं?" पुढची तारीख कार्तिकात आहे, एवढंच मला सांगता आलं. तो म्हणाला, वकिलाच्या फीला थोडे पैसे पाठवतो, पण कशाचे ते त्यांना सांगू नका.