माळ्यावरचा तीरकामठा

सप्टेंबरची पहाट, कोलोरॅडोचा डोंगर, उंची तीन हजार मीटरच्या आसपास. दहा पावलं चाललो की मी थांबत होतो. भंडाऱ्याचा माणूस मी, आमच्याकडे डोंगर म्हणजे कोक्याच्या टेकड्या. ऑनसाइटला असताना टीममधला एक सहकारी एल्कच्या शिकारीला निघाला आणि बघायला म्हणून मी त्याच्यासोबत गेलो. त्याच्याकडे परवाना आणि धनुष्य, माझ्याकडे फक्त पाण्याची बॅग.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. श्रीलंकेतले इंग्रज तर सांबरालाच एल्क म्हणायचे. सॅम्युअल बेकरच्या १८५४ च्या शिकारीवरच्या पुस्तकात हेच नाव आहे. सप्टेंबरात नर माजावर येतो आणि शिटीसारखा लांबलचक ओरडतो. तो आवाज ऐकून आपला सांबराचा 'ढांक' आठवला, पण हे जरा भुताटकीचंच वाटत होतं.

बंदूकवाला दोनशे मीटरवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला तीस मीटरच्या आत जावं लागतं, तेही वारा तोंडावर घेऊन. बाण लागला तरी जनावर जागेवर पडत नाही. अर्धा तास गप्प बसायचं आणि मग रक्ताचा माग काढायचा. आमचा नर साठेक मीटरवर आला, वारा फिरला, नर गेला. संपलं. सहकाऱ्याला वाईट वगैरे काही वाटलं नाही. ब्रेड खाताना त्यानं मला इशीची गोष्ट सांगितली.

इशी हा कॅलिफोर्नियाच्या याही जमातीचा शेवटचा माणूस. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्यांनी त्याची माणसं मारून संपवली होती. ऑगस्ट १९११ मध्ये तो ओरोविल गावाजवळ एकटाच, उपाशी सापडला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला नेलं. तिथल्या सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतलं. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. १९२३ मध्ये पोपचं पुस्तक आलं आणि त्यावर एक अख्खी पिढी धनुष्याकडे वळली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं फक्त धनुर्धाऱ्यांसाठी शिकारीचा हंगाम काढला. पुढे मिसुरीच्या हॉलिस ॲलननं चाकं लावलेलं कंपाउंड धनुष्य काढलं, त्याचं पेटंट १९६९ चं. म्हणजे ज्यांना संपवलं त्यांचीच विद्या शनिवार-रविवारचा छंद झाली.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी हे आबाजींना सांगितलं. त्यांचं वय पंच्याऐंशी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपल्या माळ्यावर एक तीरकामठा हाये. पन थो आपला नोहोय, बाबू."

लहानपणी तो मी पाहिला होता. बांबूचा, त्याला दोरीही बांबूच्याच सालीची. मला वाटायचं, नाटकातलं सामान असेल.

माझे पणजोबा मालगुजारीच्या काळात गावचे मुकद्दम होते. साहेब शिकारीला आला की हाक्याला माणसं पुरवायची त्यांनी. मध्य प्रांतात ही रीतच होती. जंगल राखीव झालं आणि १८७८ च्या, मग १९२७ च्या वन कायद्यानं तिथं नियमाबाहेर शिकार करणं, फास लावणं, पाण्यात विष कालवणं गुन्हा ठरलं. साहेबाला मात्र परवाना मिळे. माग काढणारा गोंड, मचाण बांधणारा गोंड, ढोल वाजवत जनावर पुढे घालणाराही बहुतेक वेळा गोंडच. त्याचं ज्ञान चालायचं, त्याचा बाण चालत नव्हता. व्हेरिअर एल्विननं १९३९ च्या 'द बैगा'मध्ये मंडल्याकडच्या बैगांचं असंच दुखणं मांडलं आहे.

तर आबाजी पोरगेलेसे असताना एका हाक्याला एक गोंड माणूस तीरकामठा घेऊन आला. साहेबाच्या नजरेस पडू नये म्हणून पणजोबांनी तो काढून घेतला. "संध्याकाळी घेऊन जा," म्हणाले. संध्याकाळी तो आला, तेव्हा त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. मग तो आलाच नाही. पणजोबांनी त्याला वाचवलं की लुटलं, हे आबाजींना आजही ठरवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, शिकार राहिली. १९५० च्या दशकात विद्याचरण शुक्लांनी ॲल्विन कूपर ही कंपनी काढली. मध्य भारताच्या जंगलात मोठ्या शिकारी आयोजित करणं हा तिचा धंदा. पुढे ते केंद्रात मंत्री झाले. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, तेव्हा ते आमच्याच जिल्ह्यात होतं. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि नागझिरा तिकडे गेलं. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. त्यातही काही जनावरांसाठी परवान्याची फट होतीच, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बुजली. गंमत म्हणजे त्याच १९७२ मध्ये अमेरिकेनं धनुष्यबाणांवर ११ टक्के कर लावायचं ठरवलं आणि तो पैसा वन्यजीवांकडे वळवला. तिकडे शिकाऱ्याच्या पैशातून जंगल राखतात, इकडे शिकाऱ्याला बाहेर ठेवून. आपल्याकडे लोकसंख्या आणि बंदुका पाहता बंदीच बरोबर होती असं मला वाटतं. वाघ, सांबर जे काही उरलं ते तिच्यामुळेच. पण ती दोघांवर सारखी पडली नाही. परवानेवाल्याचा शौक गेला, गोंडाचं ताटातलं गेलं, आणि त्याचं तर शंभर वर्षं आधीच जायला लागलं होतं.

दिवाळीत घरी आलो. तीरकामठा पोत्यात गुंडाळून बाइकला बांधला आणि आबाजींनी सांगितलेल्या गावी गेलो. कोका अभयारण्याच्या बाजूचं गाव. त्या माणसाचा नातू भेटला, माझ्याच वयाचा, पर्यटकांची जिप्सी चालवणारा. त्यानं पोतं सोडलं, बांबूवरून हात फिरवला, दोरी ओढून पाहिली. सुकलेली साल तडकली. मला म्हणाला, "कसा धरतात?" मी कोलोरॅडोत पाहिलं होतं तसं धरून दाखवलं. दोघंही हसलो, पण नीट हसू आलं नाही.

चहा झाला. मग त्यानं पोतं परत गुंडाळलं.

"भाऊ, घर अभयारण्याच्या काठावर. रोज गाडी घेऊन आत जातो मी. घरात हे कोणी पाहिलं तर किती जणांना सांगत बसू, का आजोबाचं आहे म्हणून?"

"मग?"

"तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हाला कोणी इचारणार नाही."

आबाजी ओट्यावर वाट पाहत बसले होते. बाइकवरचं पोतं पाहून त्यांनी काही विचारलं नाही. मी शिडी लावली.