दोन तिरप्या रेघा

संगणकांत ठेवलेल्या प्रत्येक फाइलीला एक पत्ता असतो. आधीं शहर, मग पेठ, मग वाडा, शेवटीं बिऱ्हाड, अशा उतरत्या क्रमानें तो लिहावयाचा आणि दोन नांवांच्या मध्यें एक खूण घालावयाची. ही खूण कोणती असावी, एवढ्याशा प्रश्नानें प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ छळलें आहे.

अशा पत्त्याची कल्पना अमेरिकेंत मल्टिक्स नांवाच्या यंत्रणेंत १९६५ च्या सुमारास रुजली. तेथील खूण बाणाच्या टोकासारखी (>) होती. मल्टिक्सवर काम केलेल्या केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून बेल प्रयोगशाळेंत युनिक्स रचली, आणि उजवीकडे कललेली रेघ (/) पसंत केली.

घोटाळा झाला तो पुढें. १९८१ सालीं आय.बी.एम.च्या लहान संगणकाबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस आली, तेव्हां तींत कप्प्यांत कप्पे नव्हतेच. पत्ता म्हणजे तबकडीचें अक्षर आणि फाइलीचें नांव, इतकेंच. उजवी रेघ रिकामी होती; ती आज्ञेपुढें पर्याय लिहिण्याच्या कामीं लावली गेली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत उपकप्पे आले, पण रेघ आधींच गुंतलेली! ती काढून घ्यावी तर लोकांच्या रुळलेल्या आज्ञा मोडतात. म्हणून डावीकडे कललेली रेघ (\) पुढें करण्यांत आली. गंमत अशी कीं, यंत्रणेच्या अंतरंगाला दोन्ही रेघा चालत. हट्ट होता तो टंकलेल्या आज्ञा वाचणाऱ्या वरच्या थराचा. मॅकिन्टॉशनें विसर्गासारखीं दोन टिंबें घेतलीं. २००१ सालीं युनिक्सच्या पायावर नवी यंत्रणा उभारतांना तोही उजव्या रेघेकडे वळला. जपानी संकेतांत तर डाव्या रेघेच्या जागीं येन नाण्याची खूण आहे, त्यामुळें तेथें फाइलीचा पत्ता पुष्कळदां दुकानाच्या पावतीसारखा दिसतो.

हें सारें गमतीवारी नेण्यासारखें नाहीं. युनिक्सबरोबर वाढलेल्या सी भाषेंत डाव्या रेघेला निराळाच अर्थ आहे: तिच्यापुढें ‘एन’ आलें तर नवी ओळ, ‘टी’ आलें तर मोठें अंतर. अनेक भाषांनीं हाच संकेत उचलला. म्हणून ‘न्यू’ नांवाच्या कप्प्याचा पत्ता प्रोग्रॅममध्यें जसाच्या तसा लिहिला, कीं तो मधोमध तुटतो आणि फाइल सांपडत नाहीं. कप्प्याचें नांव बदललें तर दोष कदाचित् नाहींसाही होतो! असा दोष हुडकणें फार कठीण.

उपाय साधा आहे. खूण स्वतः लिहूं नये. नांवें सुटीं द्यावीं आणि जोडणी भाषेच्या तयार साधनावर सोंपवावी. जावा भाषेंत ही सोय १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. पायथॉनमध्येंही ती जुनीच. २०१४ सालीं मात्र पत्ता ही अक्षरांची नुसती माळ न मानतां स्वतंत्र वस्तु मानणारें ‘पाथलिब’ तिच्यांत आलें, आणि माझ्या मतें तेंच अधिक शहाणपणाचें.

एक भांडण तरीही उरतें. इंग्रजी नांवाचें पहिलें अक्षर मोठें लिहा कीं लहान, विंडोजवर एरवीं फाइल उघडते. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर नेला, कीं ती तेथें नाहींच असें उत्तर मिळतें. आणि रेघा जोडून देणारें कोणतेंही साधन तेथें मदतीला येत नाहीं.