बुडालेली वाट

कोयनेचं धरण १९६४ साली पुरं झालं. शिवसागराचं पाणी चढलं, तशा आमच्या जुन्या पायवाटा बुडाल्या. कोयनेची वीज मुंबईपर्यंत गेली. पलीकडच्या काठावर उरलेल्या आम्हाला मात्र लाँचशिवाय गत नव्हती. बामणोलीला उतरून साताऱ्याची एस.टी. धरायची. लाँच चुकली की एस.टी. चुकली, दवाखानाही चुकला. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला १९७६ साली, म्हणजे धरण पुरं झाल्यावर बारा वर्षांनी. मग वाड्यावाड्यांतली माणसं देवळात जमली. लाँच नेमानं यावी, म्हणून अर्जावर अंगठे उठले. "मेहरबानी करा" असं लिहिलेलं एका आजीनं खोडायला लावलं. म्हणाली, "मेहरबानी कशापायी? आमची वाट बुडवलीया, ती द्या म्हणावं." अर्ज तसाच गेला. बाजारादिवशीची लाँच तेवढी नेमानं येऊ लागली. बाकीच्या दिवसांसाठी पुढचा अर्ज लिहिला.