शांत दिवसाची नोंद

पनवेल म्हटलें कीं कोंकणच्या वाटेवरील गजबजलेलें ठाणें आठवतें. परंतु नव्या पनवेलांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचें मुख्यालय आहे, आणि तिचें मूळ कुलाब्याच्या वेधशाळेंत आहे. तेथें १८४१ पासून चुंबकसूचीच्या हालचाली टिपल्या जात. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसतांच हें काम अलिबागेस न्यावयाचें ठरलें, आणि १९०४ मध्यें तेथें नोंदी सुरू झाल्या. सूचीस अस्वस्थ करणारे कित्येक विद्युत्प्रवाह आकाशांत उंचावर वाहतात. म्हणून ही संस्था वरच्या वातावरणाचाहि अभ्यास करते.

सुमारें ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थर नभोवाणीच्या लहरी कांहीं अंशीं गिळून टाकतो. लहरीमुळें तेथील इलेक्ट्रॉन डोलूं लागतात, हवेच्या कणांवर आदळतात, आणि लहरीची शक्ति उष्णतेंत जिरते. हें शोषण मोजावें कसें? जुनी रीत अशी कीं, जमिनीवरून लहर धाडावयाची आणि तिचा प्रतिध्वनि किती क्षीण झाला तें पाहावयाचें. पण शोषण फार वाढलें कीं प्रतिध्वनि परततच नाहीं. मापनाची गरज सर्वांत अधिक, तेव्हांच साधन मुकें!

यावर कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांचे शिष्य अशेषप्रसाद मित्र यांनीं ऑस्ट्रेलियांतील शेन यांच्यासह एक मार्ग दाखविला. आकाशगंगेंतून रेडिओ-लहरी अखंड येत असतात, हें जान्स्की यांनीं १९३३ मध्यें जाहीर केलें होतें. आकाशाचा तोच भाग रोज सुमारें चार मिनिटें आधीं माथ्यावर येतो. शांत दिवशीं त्याच्याकडून जितकी शक्ति मिळते, तिच्याहून आज जितकी कमी, तितकें शोषण. या रीतीनें केलेलीं मापनें १९५३ मध्यें प्रसिद्ध झालीं. पुढें १९५९ मध्यें लिटल व लाइनबाख यांनीं अशाच अखंड मापनाच्या यंत्राचें वर्णन दिलें; तेंच ‘रिओमीटर’.

पनवेलच्या संस्थेनें सोळा अँटेनांचें असें यंत्र अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ ठाण्यावर बसविलें. सौरवादळांत ध्रुवप्रदेशांकडे भारित कण उतरतात, आणि जहाजांचा व विमानांचा लघुलहरींवरील संवाद तुटूं शकतो. यंत्रावर ३ डेसिबलची घट दिसली, कीं निम्मी शक्ति वाटेंतच गेली असें समजावें.

मात्र ही घट मोजावयाची ती शांत दिवसाच्या रेषेपासून. आणि ती रेषा अनेक शांत दिवसांच्या नोंदींवांचून आखतां येत नाहीं. ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं, त्या दिवसाचीहि वही कुलाब्यास आणि अलिबागेस भरली गेली. वादळ ओळखण्याची विद्या या निमूट भरलेल्या वह्यांवरच उभी आहे.